गिऱ्हाण लागलेला कलदार

आमच्या घराचे दोन तुकडे झाले ते एका रुपयापायी. रुपया म्हणजे खर्चायचा पैसा नव्हे. तो कधी बाजारात गेला नाही, कोणाला दिला नाही, कोणाकडून घेतला नाही. राणीछाप कलदार होता, चांदीचा, देऊळघाटच्या आमच्या घरातल्या देव्हाऱ्यात लक्ष्मी म्हणून बसलेला. दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्याच्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा एक थर चढे. जुना थर उतरवायचा नाही, त्याच्यावरच नवा लावायचा, ही आमच्या घरची रीत. त्यामुळे तो रुपया दिसायला रुपया राहिलाच नव्हता, लाल पेढा झाला होता.

शेंदूर लावायचं काम मोठ्या मायचं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीचं. मी चार वर्षांचा असताना दिवाळीत ती नेमकी बाहेरची झाली आणि देव धुण्याचं काम माझ्या आईकडे आलं. आईचं माहेर वरवट बकाल. तिकडे त्यांच्या घरी दिवाळीला देव चिंचेनं घासून लख्ख करत. इकडची रीत तिला कोणी सांगितली नाही, तिनंही विचारली नाही. कामाला वाघीण. तिनं रुपया चिंचेच्या कोळात भिजवला, राखेनं घासला, पिढ्यांचा शेंदूर उतरवला आणि चांदी काढली. चांदी निघाली तेव्हा रुपयाचा एक घास गेलेला दिसला. कडेला, अंगठ्याच्या नखाएवढा, गोल.

आजीनं रुपया पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं. धाकटीनं लक्ष्मी कापून खाल्ली म्हणाली. गावातल्या सोनाराला बोलावलं. त्यानं त्या घासाच्या कडेवर कानस मारली, चांदी चमकवून पाहिली आणि सांगितलं, "कापेल हाय." झालं. आईनं एकच वाक्य म्हटलं, आणि ते पुढं गावानं तिला आयुष्यभर ऐकवलं.

"त्याले गिऱ्हाण लागेल हाय. तो जन्मालेच तसा आला."

आमच्याकडे एखादं पोर फाटक्या ओठाचं किंवा तुटक्या कानाचं जन्मलं की म्हणतात, गिऱ्हाण लागलं. पोटुशी बाई ग्रहणात काही कापायला बसली की ते पोराला लागतं, अशी समजूत. पण रुपयाला गिऱ्हाण? बाया पदरात तोंड घालून हसल्या. त्या दिवसापासून आईचं नाव पडलं कापरी, म्हणजे कापणारी.

पंधरा दिवसांत आम्ही वेगळे निघालो. वाटणीला दोन भांडी, एक गोधडी आणि तो रुपया आला. आजीनं तो आईच्या अंगावर फेकला होता, की खाल्ला तसा उरलेलाही खाऊन टाक. बाबांनी वाकून उचलला. त्यांनी आईला कधी विचारलं नाही की तू कापलास का, आणि तू कापला नाहीस असंही कधी म्हटलं नाही. नाल्याच्या काठी चार पत्रे उभे करून आम्ही राहिलो. आई दुसऱ्याच्या वाडीत निंदायला जायची आणि बाजाराच्या दिवशी मेथी-वांग्याची पाटी डोक्यावर घेऊन बुलढाण्यापर्यंत पायी जायची. परत येताना पाटीत माझ्यासाठी काही असेल तर ती वही असायची, खाऊ नसायचा. शाळेत मास्तर हजेरीला भास्कर म्हणत, पोरं मैदानात कापरीचा म्हणत. मी दोन्ही नावांना ओ द्यायला शिकलो.

दिवाळीत मात्र आई तो रुपया काढायची. चिंचेनं घासायची, ताटात तांदळाच्या राशीवर ठेवायची, आणि तो तुटका भाग दिव्याकडे करायची. लपवायची नाही. मला वाटे, काय ही हट्टी बाई.

मी बी.एस्सी. झालो, रसायनशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, हे मी आजही न लाजता सांगतो. बाबा ते बघायला राहिले नाहीत. नोकरी लागली खामगावला, चांदीच्या बाजारात, टंच काढायच्या दुकानात. टंच म्हणजे चांदी किती खरी, किती भेसळ. चांदीचा कण घ्यायचा, तेजाबात घालायचा, आणि शेठजींना चिठ्ठी द्यायची. शेठजी सगळ्यांना सांगत, आमच्याकडे केमिस्ट्रीवाला पोरगा आहे. हे ऐकून मी एक वीत उंच व्हायचो.

बाजारात आटवायला जुने कलदार येत. त्यात मधूनच एखादं विचित्र नाणं निघे. छाप सरकलेला, चेहरा दोनदा उमटलेला, एक बाजू कोरी. शेठजी जाणते होते. अशी नाणी ते बाजूला काढत, कारण ती घेणारे शौकीन लोक होते. पण अशा लोकांना खात्री लागते की हा दोष टाकसाळीतूनच आला आहे, नंतर कोणी ठोकून-घासून केलेला नाही. ते काम हळूहळू माझ्याकडे आलं. खिडकीखाली एक टेबल, एक भिंग, समोर एक खुर्ची. पस्तीस वर्षं मी तिथं बसलो.

पहिल्याच वर्षीच्या दिवाळीला मी भिंग खिशात घालून घरी गेलो. लक्ष्मीपूजनाला आईनं ताट मांडलं होतं. मी म्हटलं, माय, तुझा रुपया पाहू दे. तिनं हात पुसून तो माझ्या तळहातावर ठेवला. मला आठवतं, ती शेजारी उकिडवी बसली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी रुपयाकडे पाहत होतो. घासाच्या कडेवर कानशीचे ओरखडे स्पष्ट होते, एकाशेजारी एक. हत्यार लागलेलं होतं. मला दुसरं काही पाहायची गरजच वाटली नाही.

"माय, हा कापेल हाय," मी म्हणालो.

"तुह्या भिंगात तसं दिसते काय?"

"हाव."

"मंग तसंच असंन."

तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पदवीधर होतो, मनानं मोठा होतो. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे. माह्या तोंडात घास घालासाठीच केलं असशीन. मले तुहा राग नाही."

ती उठली, चुलीपाशी गेली, करंज्यांचा डबा माझ्यापुढं ठेवला. पुढच्या दिवाळीला ताटात रुपया नव्हता. मी विचारलं नाही. मनात म्हटलं, बरं झालं, एक खोटं संपलं.

आता माझं काम काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

नाण्यातले दोष दोन जातीचे. एक उपजत, एक लागलेला. उपजत म्हणजे टाकसाळीत, नाणं जन्मतानाच झालेला. लागलेला म्हणजे जन्मल्यावर जगानं दिलेला मार. माणसासारखंच आहे, जन्मखूण वेगळी आणि व्रण वेगळा. मी नाणं हातात घेतलं की एकच प्रश्न विचारायचो, धातू कुठं गेला? कोणी ठोकलं, दाबलं, ओरबाडलं, तर धातू नाहीसा होत नाही. तो सरकतो आणि बाजूला कुठंतरी उंचवटा करून बसतो. बोटाला लागतो. टाकसाळीतल्या दोषात धातू ठशाच्या हुकमानं चालतो, आणि ठशानं सांगितलं नाही तिथं जात नाही. ओरखडा नेहमी खोल असतो. पण ठशाला भेग पडली असेल, तर त्या भेगेत धातू शिरतो आणि नाण्यावर ती रेघ उठून दिसते. एवढं कळलं की निम्मी विद्या आली.

नांदुऱ्याहून एक गृहस्थ आले होते, मखमली डबीत एक रुपया घेऊन. पानासारखा पसरलेला, अक्षरं ओघळलेली. टाकसाळीच्या यंत्रात दोनदा दाबला गेला असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, तुमचं घर रेल्वेच्या रुळापासून किती दूर? ते म्हणाले, "रुयावर आमी ठेवत होतो लहानपनी. पन तो हा नसंन." तो हाच होता. त्यांनी डबी बंद केली, आणि मला वाटलं, मी नुसतं 'सांगता येत नाही' म्हणायला हवं होतं.

बीबी गावचे एक मास्तर उलटी राणी घेऊन आले. एका बाजूला राणीचा चेहरा नेहमीसारखा, दुसऱ्या बाजूला तोच चेहरा आत खचलेला आणि उलटा, आरशातल्यासारखा. असं टाकसाळीत खरंच होतं. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच छाप बसतो. पण मास्तरांच्या नाण्यात, खचलेल्या चेहऱ्याखाली मूळची अक्षरं चपटी होऊन मेलेली दिसत होती. म्हणजे नाणं पुरं तयार झाल्यावर कोणीतरी दोन रुपये लोहाराच्या शिकंज्यात धरून आवळले होते. मास्तर मला म्हणाले, तुमचं शिक्षण किती? मी सांगितलं. ते म्हणाले, मी एम.ए. आहे. मी म्हटलं, सर, नाणं दोघांचंही ऐकणार नाही.

खरी नाणीही आली, नाही असं नाही. एक म्हातारे बाबा तांब्याच्या पैशानं समईची काजळी खरवडत. तो पैसा अर्धा कोरा आणि अर्धा छापलेला, अस्सल उपजत. मी त्यांना खूप समजावलं, की शौकीन लोक याच्यासाठी दारात रांग लावतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग मी काजयी कायनं खरवडू?" आणि खिशात टाकून गेले. पस्तीस वर्षांत मला भेटलेलं ते एकमेव समाधानी गिऱ्हाईक.

बाकी माझा धंदा म्हणजे नाही म्हणणं. समोरच्या खुर्चीवर माणूस आशा घेऊन बसायचा आणि उठताना ती तिथंच सोडून जायचा. ज्याला मी नाही म्हटलं तो पुन्हा भेटायला आला असं कधी झालं नाही. आणि आता तर मोबाइलवर रोज कोणी सांगतं की तुमच्या घरातलं तुटकं नाणं लाखाचं आहे. तेव्हापासून खुर्ची रिकामी राहिना, आणि मला मात्र आणखी एकटं वाटू लागलं. लग्नकार्यात बाया मला पाहून गळ्यातली पुतळ्यांची माळ पदराआड घेत. माझी बायको म्हणायची, तुम्ही माणसाचीही कड चाचपून पाहता. तिनं हे हसत म्हटलं होतं. पण खरं होतं.

आई शेवटपर्यंत माझ्याजवळ खामगावला राहिली. वाड्या-भाज्या सुटल्या, तरी गच्चीवर कुंड्यांत मेथी लावायची. रुपयाचं नाव तिनं पुन्हा कधी काढलं नाही. ती गेल्यावर तिच्या पेटीत, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला तो सापडला. स्वच्छ होता. म्हणजे दरवर्षी ती तो घासत होती, फक्त माझ्यासमोर नाही. मी तो कपाटाच्या खणात ठेवून दिला. दोन वर्षांनी बायकोही गेली. मुलगी नागपूरला नोकरी करते, रविवारी फोन करते.

निवृत्त व्हायला वर्ष राहिलं असताना दुकानात एक गृहस्थ येऊ लागले. टाकसाळीत चाळीस वर्षं काढलेले कारागीर. लेक खामगावात दिलेली, तिच्याकडे राहायला आले होते. दिवसभर काय करायचं म्हणून माझ्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसायचे. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर काहीही न मागता बसलेला हा पहिलाच माणूस. आम्ही चहा प्यायचो. ते फार बोलत नसत, मीही नाही.

एकदा त्यांच्यादेखत मी एकाचं नाणं परत केलं. कडेचा गोल घास गेलेलं, तांब्याचं. चिठ्ठीवर लिहिलं, कापलेलं. माणूस गेल्यावर कारागीर म्हणाले, "समोरची बाजू पाहिलीत का?"

मी म्हटलं, पाहिली की. मागून-पुढून दोन्हीकडून पाहिलं.

"तसं नव्हे. घासाच्या अगदी समोरची कड. तुम्ही जखमेकडेच बघत बसता. ती कशानंही झालेली असू शकते. खरं काय ते समोरची कड सांगते."

मग त्यांनी सांगितलं. धातूच्या लांब पत्र्यातून गोल चकत्या कापतात, एकामागून एक. पत्रा पुढं सरकायला जरा चुकला, तर पुढची चकती आधीच्या भोकावर चढते, आणि तिचा गोल घास कमी येतो. म्हणजे छाप पडायच्या आधीच, जन्मायच्या आधीच, नाणं तुटकं. मग ती चकती कड उचलायच्या यंत्रातून फिरते. दोन्ही बाजूंनी दाब बसला तर कड वर येते. पण एका बाजूला घासच नाही म्हटल्यावर दाब कशावर बसणार? त्यामुळे बरोबर समोरची कडही अर्धवट राहते. चपटी, पुसट. हे कोणाही सोनाराला कापून करता येत नाही.

मी त्यांना विचारलं, आणि घासाजवळची अक्षरं? ते म्हणाले, ती घासाकडे ओढल्यासारखी लांबतात, धातू मोकळ्या जागेकडे पळतो ना. नंतर कापलं असेल तर अक्षर धडधाकट असतं आणि मध्येच तुटतं.

मी पुस्तकं वाचली होती. पण जी मिळाली ती. आणि खरं सांगायचं तर या बाबतीत मी शोधलंच नव्हतं. गोल घास म्हणजे कापलेला, हे मला चार वर्षांचा असल्यापासून पाठ होतं.

मी दुकान अर्ध्या दिवसावर सोडून घरी आलो. दुपारचं ऊन खिडकीत होतं. खणातून रुपया काढला. घास राणीच्या डोक्यामागं, शब्द संपतो तिथं. शेवटची दोन अक्षरं घासाकडे लांबलेली, शेपटीसारखी. मग मी रुपया फिरवला आणि समोरची कड भिंगाखाली आणली. राणीच्या चेहऱ्यापुढची. तिथं कडेचे मणी हवेत तसे नव्हतेच. पुसट होते, जणू कोणी फुंकर मारली. कड उठलेली नव्हती. बोट फिरवलं तर तिथं खाली जात होतं.

सोनाराच्या कानशीचे ओरखडे खरे होते. लागलेला मार होताच. पण तो उपजत दोषावर बसला होता, आणि मी वरचं पाहून खालचं ठरवलं होतं.

गोलावर गोल चढला की काय होतं? ग्रहण होतं. आईनं दुसरं काय सांगितलं होतं? जन्मायच्या आधी, गोल घास. माझं सगळं रसायनशास्त्र, भिंग आणि पस्तीस वर्षं एका बाजूला, आणि पाटी वाहणाऱ्या बाईचा एक शब्द दुसऱ्या बाजूला. तिचा शब्द टाकसाळीच्या कारागिराशी जुळत होता. माझा नव्हता.

घरात सांगायला कोणी नव्हतं. मुलीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. हळू आवाजात म्हणाली, बाबा, अर्जंट आहे का? मी म्हटलं, नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या दारावर कागद लावला, की गोल घास गेलेलं नाणं मी पूर्वी कापलेलं म्हणून परत केलं असेल तर कृपया पुन्हा आणा. शेठजींचा मुलगा म्हणाला, काका, कशाला स्वतःचं नाव घालवता. मी कागद काढला नाही. तिघं जण आले. दोघांची नाणी खरंच कापलेली होती. तिसऱ्याचं उपजत होतं. मी त्याची माफी मागितली, तर तो म्हणाला, साहेब, आता ते माझ्या बहिणीला विकून झालंय, दाखवायला तिच्याकडून मागून आणलं, मी नुसता तुमचं तोंड पाहायला आलो. ज्यांची नाणी आटून गेली असतील त्यांना मी कुठं शोधणार होतो?

पण एकीला कुठून बाहेर काढलं होतं, ते घर मला माहीत होतं.

दिवाळीच्या आधी तीन दिवस मी देऊळघाटला गेलो. पन्नासहून जास्त वर्षांत त्या घरात मी चार-सहा वेळाच पाय ठेवला असेन, तोही कोणी वारल्यावर. आजी, आजोबा, मोठे काका, सगळे गेले होते. उरली होती मोठी माय, नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी अधू. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती. तिची सून, माझी वहिनी, करंज्या करत होती.

"कोन हाय?" मोठ्या मायनं विचारलं.

"मी भास्कर. कापरीचा."

वहिनीचं लाटणं थांबलं. मोठी माय जराशानं म्हणाली, "बस."

मी तिथंच जमिनीवर बसलो. वहिनीनं मोठी पोळी लाटली होती आणि वाटीनं करंजीच्या पाऱ्या कापत होती. मी म्हटलं, वहिनी, जरा वाटी द्या. एक पारी कापली. मग वाटी अर्धवट त्या भोकावर ठेवून दुसरी कापली. ती निघाली घास गेलेली. तिच्याशेजारी मी रुपया ठेवला. दोन्हींचा आकार एकच. मी त्यांना सगळं सांगितलं, पत्रा, चकती, भोक. वहिनी हसायला लागली.

"भाऊजी, हे त आमच्यानंही होते. तशी पारी आमी पुन्हा गोयात टाकतो."

मी म्हटलं, टाकसाळीतही तसंच आटवायला टाकतात. ही एक नजरेतून सुटली आणि आपल्या देव्हाऱ्यात आली. माझ्या आईनं हिला हात लावायच्या शंभर वर्षं आधी.

मोठ्या मायनं हात पुढं केला. मी रुपया तिच्या हातावर ठेवला. तिनं डोळ्याजवळ नेऊन पाहायचा प्रयत्नच केला नाही. तिचा अंगठा सरळ त्या घासावर गेला आणि तिथं बसला. 

"हा खड्डा मले मालूम हाय," ती म्हणाली. "शेंदूर मीच भरत होती दरसाल. इथला शेंदूर सालभरात खचे आन बोट खाली जाये. मंग मी इथं दोन बोटं जास्त लावू आन गोल करू."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी विचारलं, मग त्या दिवशी का बोलली नाहीस?

"कोनाले बोलू? मी बाहेरची, तिकडं पडवीत बसेल. आन बोलली असती त बुढीनं इचारलं असतं, तुले मालूम होतं त लपवलं काऊन? मंग कापरी मी झाली असती." तिनं रुपया उलटापालटा केला. "तुही माय जातानी माह्याकडं पाहून गेली. काही बोलली नाही."

तेव्हा मला दुसरी गोष्ट उमगली. ज्या बाईनं तो शेंदूर स्वतःच्या हातानं उतरवला, तिला त्या घासात मुद्दाम भरून बसवलेला जाड शेंदूर दिसलाच असणार. आईला माहीत होतं, कोणाला माहीत आहे ते. तिनं जावेचं नाव घेतलं नाही. आजीसमोर नाही, बाबांसमोर नाही, माझ्यासमोर नाही.

मला मोठ्या मायवर चिडायचं होतं. इतकी वर्षं, ती पाटी, तो नाला, मैदानातली ती हाक. पण मी कोण चिडणारा? मी तिला सांगितलं की मीही आईला कापरीच म्हटलं होतं. भिंग लावून म्हटलं होतं, आणि वर माफही केलं होतं.

मोठी माय म्हणाली, "मंग आपन दोघं सारखेच बे, लेका."

लक्ष्मीपूजनाला तिनं मला थांबवून घेतलं. संध्याकाळी गल्लीतल्या बाया आल्या, भाऊबंद आले. दोघींना धरून ती देव्हाऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली की हा रुपया पहिल्यापासून असाच होता, मी शेंदरानं भरत होती, धाकटीनं कापला नाही. आवाज बारीक होता. मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही. मी तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. त्याबद्दल मला वाईट वाटतं, पण मी लावलं.

मी माझी चिठ्ठी आणली होती. दुकानाची छापील चिठ्ठी, पस्तीस वर्षांतली शेवटची. तिच्यावर लिहिलं होतं: राणीछाप रुपया. कडेचा घास उपजत, कापलेला नाही. घासावरचे कानशीचे ओरखडे नंतरचे. खाली माझी सही, आणि सहीखाली बी.एस्सी. मालकाच्या नावाच्या जागी आईचं नाव घातलं, कौसल्या. त्या घरात ते नाव शेवटचं कधी कोणी घेतलं होतं, कोण जाणे.

परत खामगावला आलो. गच्चीवर मेथीच्या कुंड्या आहेत, त्यांना पाणी घालतो. रविवारी फोन येतो. टेबल आता दुसऱ्या मुलाकडे आहे. त्याला मी पहिल्याच दिवशी समोरची कड पाहायला शिकवलं.

रुपया देऊळघाटच्या देव्हाऱ्यात आहे. त्याला आता शेंदूर लावत नाहीत. दिवाळीला चिंचेनं घासतात, वरवट बकालच्या रीतीनं. आणि गावात माझ्या आईला आता कोणी कापरी म्हणत नाही.